उचंत खात्यातील चेहरे

व्यापारी घराण्यात जुना कागद सहसा टाकून दिला जात नाही. लाल कापडी बांधणीच्या वह्या, दुकानाच्या जागेचे खरेदीखत, वडिलांच्या हातची उधारीची यादी, एखाद्या जुन्या अडत्याचे पोस्टकार्ड हे सारे माळ्यावर का होईना, बांधून ठेवलेले असते. आज ना उद्या त्याचा उपयोग होईल, ही पेढीची शिकवण त्यामागे असते. त्याच माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात निगेटिव्हांच्या गुंडाळ्या पडलेल्या असतात. त्यांच्याबाबत मात्र ही शिकवण कोणाला आठवत नाही. काळपट, चिकटलेल्या, उजेडात धरल्या तरी ओळख न पटणाऱ्या या पट्ट्या दिवाळीच्या साफसफाईत सर्वप्रथम बाहेर जातात. छायाचित्रे अल्बममध्ये आहेतच, मग या कशाला, असा सरळ हिशेब त्यामागे असतो.

हिशेबाच्याच भाषेत बोलायचे तर येथे एक गल्लत होते. कागदावरचे छायाचित्र ही खतावणी आहे आणि निगेटिव्ह ही कीर्द. मूळ नोंद कीर्दीत होते आणि खतावणी तिच्यावरून तयार केली जाते. खतावणी हरवली तर कीर्दीवरून पुन्हा लिहिता येते. कीर्द गेली तर खतावणीत जेवढे उतरले तेवढ्यावरच समाधान मानावे लागते. अल्बममधील फोटो पिवळा पडला, फाटला, पाण्यात भिजला तरी निगेटिव्ह शाबूत असेल तर तो पुन्हा मिळू शकतो. शिवाय निगेटिव्हमध्ये कित्येकदा फोटोपेक्षा अधिक काही असते. ते कसे, हे पुढे ओघाने येईल.

डब्यातील झीज

निगेटिव्ह म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर जिलेटिनचा लेप आणि त्या लेपात अडकलेली प्रतिमा. कृष्णधवल निगेटिव्हमधील प्रतिमा शुद्ध चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. रंगीत निगेटिव्हमध्ये धुलाईच्या वेळी चांदी निघून जाते आणि केवळ रंगद्रव्ये उरतात. जिलेटिन हा प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून मिळणारा पदार्थ आहे. अनेक वाचकांना ही गोष्ट नवी वाटेल आणि अस्वस्थही करील. परंतु फिल्मच्या संपूर्ण युगात जगभर हाच पदार्थ वापरला गेला. हे जिलेटिन बुरशीचे आवडते खाद्य असल्यामुळे पावसाळ्याच्या दमट हवेत बंद डब्यातील निगेटिव्हांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग उमटतात. असा डाग दिसला की ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह होतो. तो आवरावा. बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि डागाबरोबर चेहराही पुसला जातो.

खालची प्लास्टिकची पट्टीही अमर नसते. गेल्या शतकातील बहुतेक घरगुती फिल्म अ‍ॅसिटेटच्या होत्या. उष्णता आणि दमटपणा यांमुळे अ‍ॅसिटेट हळूहळू कुजते आणि त्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो. ही आम्लता शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही लागते. म्हणून डबा उघडताच आंबट वास आला, तर त्या पट्ट्या तत्काळ वेगळ्या कराव्यात आणि डिजिटल रूपांतराच्या रांगेत त्यांना पहिला क्रमांक द्यावा. १९५० च्या आधीच्या काही फिल्म नायट्रेटच्या असतात व त्या अत्यंत ज्वालाग्राही असतात. फिल्मच्या कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ असा शब्द छापलेला असेल तर ती चिंता नसते. तसा शब्द नसलेली, पिवळी पडलेली, चिकट झालेली फार जुनी फिल्म असेल तर तिला घरी हात न लावता जाणकाराला दाखवावी.

चांदीमुळे आणखी एक संकट ओढवले. वापरून झालेल्या फिल्ममधून चांदी काढण्याचा धंदा देशात फार जुना आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले; तोपर्यंत मूकपटांच्या आणि आरंभीच्या बोलपटांच्या असंख्य प्रती नष्ट झाल्या होत्या, त्यांतील कित्येक चांदीसाठी भंगारात गेल्या होत्या. ज्यांच्याकडे पैसा आणि प्रसिद्धी होती त्यांची ही अवस्था झाली, तर घरच्या बिस्किटाच्या डब्याची कथा काय सांगावी!

एका घराचा हिशेब

कृष्णाकाठच्या एका बाजारपेठेच्या गावात तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान असलेल्या एका घराने अलीकडे हे काम पार पाडले. घरातील कर्ते पुरुष, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणत असे, ते निवर्तल्यानंतर कपाट आवरताना दोन डबे सापडले. एकात मोठ्या चौकोनी निगेटिव्ह होत्या. अण्णांकडे तरुणपणी बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा होता. त्यात १२० क्रमांकाची फिल्म लागे आणि एका रोलवर ६ सेंटिमीटर चौरसाचे १२ फोटो निघत. दुसऱ्या डब्यात पुढच्या काळातील ३५ मिलिमीटरच्या, ३६ फोटोंच्या रोलच्या पट्ट्या होत्या. पहिल्या प्रकारचे २० रोल, दुसऱ्या प्रकारचे ३० रोल. म्हणजे २४० अधिक १०८०, एकूण १३२० प्रतिमा.

अण्णांचा नातू पुण्याला नोकरी करतो. त्याने आधी कागदावर हिशेब मांडला. प्रयोगशाळेकडून काम करून घेताना प्रतिमेला १५ रुपये दर धरला, तर १९,८०० रुपये होतात. घरी फ्लॅटबेड स्कॅनर आणून एका प्रतिमेला ३ मिनिटे लागली, तर ६६ तास लागतात. कॅमेऱ्याने किंवा फोनने टिपल्यास आणि हात बसल्यावर एका प्रतिमेला २० सेकंद धरल्यास काम ७ तास २० मिनिटांत आटोपते. परंतु या तिन्ही आकड्यांपूर्वी विचारायचा एक प्रश्न असतो: १३२० पैकी खरोखर जपण्याजोग्या किती? प्रत्येक रोलमध्ये हललेले, काळवंडलेले, एकाच प्रसंगाचे चार-चार फोटो असतातच. माल पारखून मगच भाव करावा, हा बाजाराचा नियम येथेही लागू पडतो. निवड केल्यावर त्या घरात ३६० प्रतिमा उरल्या. त्याच दराने प्रयोगशाळेचा खर्च ५,४०० रुपयांवर आला आणि स्कॅनरचे तास १८ झाले.

निवड फुकट होते

ही निवड करण्यासाठी एक पैसाही लागत नाही. बहुतेक स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये दृष्टिदोष असलेल्यांच्या सोयीसाठी पडद्यावरचे रंग उलटे करण्याची व्यवस्था असते. ती सुरू करून कॅमेरा उघडावा आणि पांढऱ्या उजेडासमोर धरलेल्या निगेटिव्हवर रोखावा. काळे पांढरे होते, पांढरे काळे होते आणि पडद्यावर ओळखीचा माणूस उभा राहतो. फोटो काढल्यास तो मात्र निगेटिव्हसारखाच साठवला जातो, कारण ही उलटापालट केवळ पडद्यापुरती असते. निवडीसाठी तेवढे पुरते. अण्णांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे घरच्या आक्कांना, समोर बसवून नातवाने असे दोन रविवार घालवले. पंच्याऐंशी वर्षांच्या आक्कांना चष्म्यातूनही निगेटिव्ह ओळखू येत नव्हती. फोनच्या पडद्यावर मात्र त्या एकामागून एक नावे सांगत गेल्या. रोल, प्रतिमेचा क्रमांक आणि आक्कांनी सांगितलेले नाव, अशा तीन रकान्यांची वही सूनबाईंनी लिहिली.

चार मार्ग, चार खर्च

*फोन आणि प्रकाशफलक.* चित्रकलेचे विद्यार्थी चित्र गिरवण्यासाठी वापरतात तो एलईडीचा पातळ फलक यासाठी उत्तम. तो नसेल तर ओळखीच्या डॉक्टरांकडे एक्स-रे पाहण्याची जुनी प्रकाशपेटी विचारावी. एक्स-रे संगणकावर दिसू लागल्यापासून अनेक दवाखान्यांत ती भिंतीवर नुसतीच टांगलेली असते. टॅबलेटचा किंवा लॅपटॉपचा पांढरा पडदाही चालतो, परंतु पडद्याचे बारीक ठिपके फोटोत उमटू नयेत म्हणून निगेटिव्ह पडद्यापासून दोन-तीन सेंटिमीटर उंच धरावी लागते आणि मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ठेवल्यास अधिक बरे. काळ्या जाड कागदात निगेटिव्हच्या मापाची खिडकी कापावी, म्हणजे भोवतालचा उजेड भिंगात शिरत नाही. खोलीतील दिवे बंद करावेत. फोन हातात न धरता दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर आडव्या ठेवलेल्या काचेवर किंवा स्टँडवर ठेवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. चौकोनी मोठ्या निगेटिव्हसाठी हा मार्ग चांगलाच उपयोगी पडतो. ३५ मिलिमीटरची प्रतिमा जेमतेम २४ गुणिले ३६ मिलिमीटरची असल्याने फोनला फार जवळ जावे लागते. मॅक्रोची चांगली सोय नसेल तर कडा पुसट येतात.

*भिंग बदलता येणारा कॅमेरा.* घरात किंवा मित्राकडे डीएसएलआर असेल तर मॅक्रो भिंग किंवा स्वस्तातील एक्स्टेन्शन ट्यूब लावून तोच प्रकाशफलक वापरावा. एफ ८ च्या आसपासचे छिद्र, सर्वांत कमी आयएसओ आणि रॉ स्वरूप, एवढ्या तीन गोष्टी सांभाळाव्यात. कॅमेरा निगेटिव्हला समांतर आहे की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवावा. भिंगाचे प्रतिबिंब चित्राच्या अगदी मध्यभागी दिसले की मांडणी बरोबर. उपरोक्त घराने गावातील लग्नसमारंभाच्या छायाचित्रकाराकडून पावसाळ्यात, म्हणजे त्याच्या मंदीच्या दिवसांत, कॅमेरा आणि भिंग भाड्याने घेतले. ३५ मिलिमीटरचे सारे काम दोन दिवसांत संपले.

*फ्लॅटबेड स्कॅनर.* दुकानात बिले स्कॅन करण्यासाठी असलेले यंत्र निगेटिव्हला चालत नाही. त्याचा उजेड खालून येतो आणि कागदावरून परततो. निगेटिव्हला उजेड आरपार जावा लागतो. झाकणातही दिवा असलेला स्कॅनर हवा. अशा यंत्राच्या खोक्यावर ६४०० डीपीआय असे आकडे छापलेले असतात. प्रत्यक्षात घरगुती फ्लॅटबेडला त्यापेक्षा पुष्कळच कमी तपशील टिपता येतो, म्हणून आकड्याच्या मागे लागू नये. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह २४०० डीपीआयने स्कॅन केल्यास सुमारे ३४०० गुणिले २२७० बिंदूंची प्रतिमा मिळते आणि तिचा ११ इंच लांबीचा स्वच्छ फोटो छापता येतो. ६ सेंटिमीटरच्या चौकोनी निगेटिव्हला १२०० ते १६०० डीपीआय घरगुती वापरासाठी पुरेसे होते. काही स्कॅनरमध्ये अवरक्त किरणांनी धूळ व ओरखडे ओळखून पुसण्याची सोय असते. ती रंगीत फिल्मसाठीच वापरावी; कृष्णधवल फिल्ममधील चांदी हे किरण अडवते आणि यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजते. नवा स्कॅनर एका घराला महाग वाटेल. परंतु २५,००० रुपयांचे यंत्र पाच भावकी-घरांनी मिळून घेतले तर घरटी ५,००० रुपये पडतात आणि काम झाल्यावर विकले की त्यातील काही परत येतात. भागीदारीचा हा साधा व्यवहार व्यापारी घरांना कोणी शिकवण्याची गरज नाही.

*प्रयोगशाळा.* वेळ नसेल त्यांच्यासाठी हा मार्ग. मात्र सगळा डबा एकदम कुरिअरने पाठवू नये. धान्याची खरेदी नमुना पाहिल्याशिवाय होत नाही, त्याप्रमाणे आधी एकच पट्टी द्यावी आणि हाती आलेली प्रतिमा मोठी करून पाहावी. किती डीपीआय, जेपेग की टिफ, पट्ट्या कापणार का, त्या त्याच क्रमाने परत येणार का, हे सारे लेखी घ्यावे आणि पट्ट्या मोजून पोच घ्यावी.

मार्ग कोणताही असो, पट्टी कडेला धरावी, सुती हातमोजे घालावेत, धूळ फुग्याच्या पंपाने उडवावी; तोंडाने फुंकर मारू नये, कारण थुंकीचे कण चिकटतात. वळलेल्या पट्ट्या कागदी पाकिटात घालून जाड ग्रंथांखाली आठवडाभर ठेवल्या की सपाट होतात. निगेटिव्हची चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे असावी, अन्यथा चित्र आरशासारखे उलटे येते. दुकानाच्या पाटीवरून ही चूक लगेच कळते. पाटी नसेल तर पदर पाहावा. मराठी पद्धतीचा पदर डाव्या खांद्यावर असतो; प्रत्येक स्त्रीच्या उजव्या खांद्यावरून पदर मागे गेलेला दिसला, तर फिल्म पालथी पडली आहे असे समजावे.

टिपलेली निगेटिव्ह सरळ करण्यासाठी जिंप आणि डार्कटेबल हे दोन्ही कार्यक्रम विनामूल्य आहेत. कृष्णधवल प्रतिमा एका आज्ञेत उलटते. रंगीत निगेटिव्हला नारिंगी झाक असते. ती आधी वजा करावी लागते. डार्कटेबलमध्ये त्यासाठी ‘नेगाडॉक्टर’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे. सुरुवातीची पाच-दहा चित्रे बिघडतील; नंतर एका रोलसाठी ठरवलेले मोजमाप संपूर्ण रोलला चालते.

कापलेली कड

या घराच्या दुकानात गादीच्या वर अण्णांचा एक मोठा फोटो कित्येक वर्षे टांगलेला आहे. नव्या दुकानाच्या पाटीखाली, पांढऱ्या टोपीत, हातात कापडाचे ठाण घेऊन अण्णा उभे आहेत. दुकान अण्णांनी एकट्याने उभे केले, ही घरातली सर्वमान्य कथा त्याच फोटोभोवती वाढलेली. फोटोची निगेटिव्ह चौकोनी डब्यात मिळाली. फोनच्या पडद्यावर ती सरळ झाली तेव्हा दिसले की मूळ चित्र चौरस आहे. चौरस निगेटिव्ह आयताकृती कागदावर मोठी करताना दोन कडा कापाव्याच लागतात. त्या काळी प्रत्येक स्टुडिओ हेच करीत असे. कापलेल्या डाव्या कडेत दुकानाचा उंबरठा होता आणि उंबरठ्यावर वही मांडीवर घेऊन बसलेली एक तरुण स्त्री होती.

नातवाने विचारले, “आक्का, या कोण?”

आक्का बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अरे, ही थोरली वहिनी. अण्णांची पहिली बायको. दुकान काढलं त्या सालीच अण्णा विषमज्वरानं तीन महिने अंथरुणाला खिळले होते. तेव्हा वही हिनंच लिहिली. हात इतका सुंदर, की अडते म्हणायचे, मुनीम कुठला ठेवलाय? पुढं बाळंतपणात गेली. तिचं नाव घेतलं की तुझ्या आजीला वाईट वाटेल म्हणून कोणी घेत नसे. मग सगळेच विसरले.”

घरात कोणालाही हे ठाऊक नव्हते. माळ्यावरच्या वह्या काढल्या. पहिल्या वर्षाच्या वहीत मधली तीन महिन्यांची पाने खरोखरच वेगळ्या, रेखीव अक्षरात होती. ते अक्षर कोणाचे, असा प्रश्न आजवर कोणाला पडलाच नव्हता. आक्कांनी तिचे सासरचे नाव सांगितले आणि माहेरचेही, कारण लग्नात नाव बदलण्याच्या रीतीमुळे तिची दोन नावे होती. दोन्ही वहीत लिहिली गेली. आता दुकानात अण्णांच्या फोटोच्या जागी संपूर्ण चौरस चित्र लावले आहे.

नावाशिवाय नोंद नाही

बँकेत आणि पेढीवरही एक उचंत खाते असते. ज्या रकमेचा धनी ठरत नाही ती तात्पुरती तेथे ठेवतात. चांगला हिशेबनीस या खात्यातील बाकी वाढू देत नाही, कारण जितका उशीर होतो तितके धनी सापडणे अवघड होते. जुन्या फोटोंचे नेमके हेच होते. हजार प्रतिमा उत्तम स्कॅन करून संगणकात टाकल्या आणि एकाही चेहऱ्याला नाव नसेल, तर ते हजार चेहरे उचंत खात्यातच राहिले. त्यात स्त्रियांचे चेहरे सर्वाधिक असतात. पुरुषांची नावे दुकानाच्या पाटीवर, खरेदीखतात, वर्गणीच्या पावतीवर कोठेतरी असतातच. स्त्रियांची ओळख ‘अमक्याच्या काकू’, ‘तमक्याची थोरली जाऊ’ एवढ्यावर थांबते आणि तो अमका गेला की तीही संपते.

म्हणून या कामातील खरी टंचाई पैशाची नसते, ओळख सांगणाऱ्या माणसांची असते. पुढील दहा वर्षांत कॅमेरे आणखी चांगले होतील, स्कॅनर स्वस्त होतील. घरातील आक्कांच्या वयाला मात्र थांबता येत नाही. उत्तम यंत्राची वाट पाहत पाच वर्षे घालवण्यापेक्षा साध्या फोनने या महिन्यात काम सुरू करावे. प्रतिमा थोडी पुसट आली तरी चालेल, ती नंतर पुन्हा टिपता येते.

साल आठवत नसेल तर खुणा शोधाव्यात. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. ‘भूकंपाच्या आधी की नंतर’ या प्रश्नाला वृद्ध माणसे चटकन उत्तर देतात. श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला गेलेल्या घरांना १९६७ आणि १९८१ ही वर्षे सहज लागतात. दुकानाच्या पाटीवरील दूरध्वनी क्रमांकाचे आकडे, दारातील स्कूटर, कडेवरचे मूल आज किती वर्षांचे आहे, यांवरूनही वर्ष ठरते. ठरलेले साल, गाव, प्रसंग आणि क्रमांक फाईलच्या नावातच लिहावेत; उदाहरणार्थ ‘१९६७_श्रवणबेळगोळ_यात्रा_०१४’. संगणक फाईलवर स्कॅनची तारीख टाकतो, त्यामुळे नावात साल नसेल तर पणजोबा या वर्षी जन्मल्यासारखे दिसतात.

तीन प्रती, दोन जागा

काम झाल्यावर प्रतिमा एकाच पेनड्राइव्हमध्ये ठेवून निश्चिंत होऊ नये. वर्षानुवर्षे न वापरलेल्या पेनड्राइव्हमधील माहिती पुसली जाऊ शकते. जाणकारांचा नियम असा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी. एका प्रतिमेला ५ एमबी धरले तर १३२० प्रतिमा ६.६ जीबीत मावतात; गूगलच्या १५ जीबी विनामूल्य जागेतही त्या बसतात, फक्त ती जागा ई-मेलसह सर्वांना मिळून असते. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर ठेवावी आणि तिसरी पुण्या-मुंबईच्या नातलगाकडे द्यावी. दुसऱ्या गावाचे महत्त्व ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने पाहिले. पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा तळमजल्यावरील माल, वह्या आणि अल्बम एकाच वेळी बुडाले. नातलगांना प्रतिमा पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवाव्यात. एरवी त्या आकुंचन पावतात आणि पुढे छापण्याच्या लायक राहत नाहीत.

मूळ निगेटिव्ह मात्र फेकू नयेत. झेरॉक्स काढली म्हणून खरेदीखत कोणी फाडत नाही. पीव्हीसीची पाकिटे टाळून आम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटांत, माळ्याच्या उष्णतेपासून आणि न्हाणीघराच्या भिंतीपासून दूर, घरातील सर्वांत कोरड्या व थंड कपाटात त्या ठेवाव्यात. शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वरचेवर बदलाव्यात. पाकिटावरचा क्रमांक आणि फाईलचा क्रमांक एकच असावा, म्हणजे कीर्द आणि खतावणी जुळते.

वर्षअखेरीस पेढीवर खाती बंद करताना प्रत्येक रकमेचा धनी शोधला जातो आणि रुपया-आण्याचा फरक राहिला तरी मुनीम रात्र जागवतो. घराच्या इतिहासाचेही वर्ष कधी ना कधी बंद व्हायचेच असते, आणि त्या रात्री फरक शोधायला बसणारा मुनीम प्रत्येक घरात असेलच असे नाही. येत्या सुटीच्या दिवशी डबा खाली काढावा, फोन उलट्या रंगांवर लावावा आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला शेजारी खुर्ची द्यावी. पहिल्या दिवशी दहा नावे मिळाली तरी उचंत खात्यातील बाकी तेवढ्याने कमी झाली.